हातगुण

आमच्या घरात आयपीओ लागतो तो माझ्या नावावर. ह्यांच्या नावावर लागत नाही, चिरंजिवांच्या लागत नाही, सून सीए आहे, तिच्या तर अजिबात लागत नाही. हे मी स्वतःहून कोणाला सांगत नाही. विषय तिथपर्यंत येईल एवढी व्यवस्था करते, पुढचं ह्यांच्या तोंडून होतं.

वास्तविक मी घाटकोपरच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलं. दहावीच्या बीजगणितात संभाव्यतेचं प्रकरण असतं: फासे, नाणी, पत्त्यांचा कॅट आणि पिशवीतले लाल-निळे चेंडू. 'बाई, पण चेंडू न बघता का काढायचा?' असं दर वर्षी एक तरी कार्टं विचारायचं आणि मी त्याला बाकावर उभं करायचे. तेव्हा आयपीओत काय होतं हे मला नीट ठाऊक आहे. छोट्या गुंतवणूकदारांकडून साठपट अर्ज आले, की संगणक सोडत काढतो. एका पॅनला एक अर्ज. लागला तर कमीत कमी एक लॉट, नाहीतर अडकवलेले पैसे मोकळे. सेबीचा हा नियम 2012 पासूनचा. संगणकाला माझं वय, शिक्षण, वर्गातला दरारा यांतलं काही कळत नाही. हे सगळं मी फळ्यावर सोडवून दाखवू शकते. तरीसुद्धा 'अलॉटेड' असा मेसेज आला की मला बोर्डात आल्यासारखं वाटतं, आणि शेजारच्यांना लागला नाही म्हटलं की वाटतं, अभ्यास कमी पडला असणार.

हे सुरू झालं टाळेबंदीनंतरच्या तेजीत. चिरंजिवांनी घरातल्या प्रत्येकाचं डीमॅट खातं काढलं. आम्हाला वाटलं, मुलगा आईवडिलांच्या म्हातारपणाची सोय करतोय. त्याला हवी होती आमची पॅनकार्डं. जितकी पॅन, तितक्या सोडतीतल्या चिठ्ठ्या. सासूबाई नव्वदीच्या होत्या, त्यांच्याही पॅनची चौकशी झाली. माझ्या नावावर लागोपाठ दोन-तीन लागले आणि मुलुंड पूर्वेला, गव्हाणपाड्यापासून नवघर रोडपर्यंत, माझा हातगुण जाहीर झाला.

मग लोक फोन घेऊन दारात यायला लागले. आयपीओचा शेवटचा दिवस, पावणेपाचची वेळ. पाचच्या आत यूपीआयचं मँडेट मंजूर केलं नाही तर अर्ज बाद. त्यामुळे त्या वेळी अख्ख्या उपनगरात मुलगे ऑफिसातून आयांना फोन करून सांगत असतात, 'आई, मेसेज आलाय बघ, अप्रूव्ह कर.' आमच्या इमारतीतल्या आया त्या मेसेजसकट माझ्याकडे येतात. 'बाई, तेवढं तुमच्या हातानं दाबा.' मी चष्मा लावते, रक्कम मोठ्यानं वाचते, खात्यात पैसे आहेत ना विचारते आणि दाबते. पिन मात्र ज्याचा त्यानं टाकायचा. तेवढा वेळ मी भिंतीकडे तोंड करून उभी राहते. तत्त्व म्हणजे तत्त्व.

हातगुणाची परीक्षा झाली मे 2022 मध्ये, एलआयसीच्या वेळी. पूर्वेच्या ज्या घरांत शेअरबाजाराला रमीच्या पंगतीला बसवत, त्या घरांनीही डीमॅट काढली, कारण त्यांच्या मते हा शेअर नव्हताच, ही एलआयसी होती. 4 मेपासून 9 मेपर्यंत अर्ज चालू, मधल्या शनिवार-रविवारीसुद्धा. माझ्या अंगठ्याला विसावा नव्हता. वरची किंमत 949, विमेदारांना 60 रुपयांची सूट, म्हणजे पडला 889ला. 17 तारखेला मुंबई शेअरबाजारात तो उघडला 867ला. लॉट 15 शेअरांचा. एकूण फटका सव्वातीनशे रुपयांचा. त्या सव्वातीनशेपायी तिसऱ्या मजल्यावरचे अण्णा आठवडाभर जिन्यानं गेले, लिफ्टमध्ये मी भेटू नये म्हणून. युक्रेनचं युद्ध, चढते व्याजदर, सगळा बाजारच तेव्हा खाली होता, असं मी त्यांच्या पत्नीकरवी कळवलं. उत्तर आलं, मँडेट युक्रेननं दाबलं नव्हतं. 2024 उजाडल्यावर भाव 949च्या वर गेला, तेव्हा मी लिफ्टमध्ये अण्णांकडे बघून नुसती हसले. पण त्यांनी ते सहाशे-साडेसहाशेलाच विकून टाकले होते. आता ते पुन्हा जिन्यानं जातात.

हातगुणासोबत सल्लाही मोफत मिळतो अशी लोकांची समजूत आहे, आणि ती मी मोडत नाही. सकाळी संभाजी पार्कात फेऱ्या मारताना समोरून येणारे गृहस्थ विचारतात, 'बाई, मार्केट पडेल का?' पुढच्या फेरीत भेटतात तेव्हा, 'किती?' तिसऱ्या फेरीत, 'कधी?' माझं उत्तर ठरलेलं असतं: 'तुम्हाला पैसे कधी लागणारेत?' हे उत्तर कोणालाच आवडत नाही. दोन वर्षांनी मुलीचं लग्न असेल तर बँकेत ठेवा, दहा वर्षं लागणार नसतील तर रोज भाव बघू नका, यात वेगळं काय सांगितलं? त्यांना तारीख हवी असते. शक्यतो मुहूर्तासकट.

एकदा बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांना मी सांगत होते, की भाव 50 टक्के पडला तर मूळ जागी यायला 100 टक्के चढावा लागतो. ते म्हणाले, 'असं कसं? पन्नास गेले, पन्नास आले.' मी तिथल्या मातीत काडीनं मांडून दाखवलं: 100चे झाले 50, आता 50वर 50 टक्के चढले तर किती? आजूबाजूला पाच-सहा जण जमले. त्यातल्या एकानं शेवटी विचारलं, 'म्हणजे आत्ता घेऊ का?'

4 जून 2024ला, निवडणुकीच्या निकालाच्या दिवशी, सेन्सेक्स जवळजवळ 4,400 अंकांनी आपटला. मला संध्याकाळी इतके फोन आले की माझंच कोणी गेलंय असं ह्यांना वाटलं. पहिल्या मजल्यावरच्या मावशी घाबऱ्याघुबऱ्या होऊन म्हणाल्या, 'आमचे चार हजार चारशे गेले का हो?' त्यांची महिन्याला हजार रुपयांची एसआयपी. सातव्या तारखेला सेन्सेक्सनं पुन्हा उच्चांक केला, तेव्हा मात्र एकही फोन नाही. भाचे, पुतणे आणि जावई यांचा विषय वेगळाच. हे लोक ऑप्शन खेळतात. सेबीनं सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं की तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शनमधल्या दर 100 सामान्य लोकांपैकी 93 जण तोट्यात गेले. मी ज्याला म्हणून विचारलं तो उरलेल्या सातांत निघाला. मुलुंडमध्ये मला आजवर त्र्याण्णवांतला एकही भेटलेला नाही.

आता जरा विषयांतर करते. तासाला घंटा असते, लेखाला नसते.

या मोबाइलवाल्यांना फॉर्म भरणं म्हणजे काय ते माहीत नाही. आमच्या काळी स्टेशनाबाहेर फुटपाथवर फॉर्मांचे गठ्ठे घेऊन माणसं बसायची. फॉर्म फुकट, फक्त त्यावर दलालाचा शिक्का, म्हणजे त्याचं कमिशन पक्कं. 1992 पर्यंत नव्या शेअरची किंमत कंपनी ठरवत नसे, दिल्लीतला सरकारी कंट्रोलर ठरवायचा, आणि तो ती इतकी कमी ठरवायचा की शेअर लागला म्हणजे फायदा धरूनच चालायचं. लागणं हेच अवघड. त्यामुळे लावणाऱ्यांच्या भक्तीला सीमा नव्हती. फॉर्मला टाचणी टोचायची नाही, घडी एकच घालायची, चेकवर खाडाखोड नको, आणि अक्षरं कॅपिटल, एका चौकटीत एक.

आमच्या स्टाफरूममध्ये चित्रकलेचे सर होते. त्यांचं अक्षर असं, की त्यांनी भरलेला फॉर्म कंपनीनं फ्रेम करून लावावा. त्यांच्या अक्षरातला फॉर्म लागतो असा समज पसरला. कोणत्या तरी खासगी क्लासवाल्याचे दोन लागले आणि समजाचा सिद्धान्त झाला. मधल्या सुट्टीत सरांपुढे रांग. एका फॉर्माला एक कटिंग. सर आधी पेन कागदावर वाजवून बघायचे, मग 'ई'च्या तिन्ही आडव्या रेघा सारख्या लांबीच्या काढायचे. कोणी बोललं तर लिहिणं थांबवायचे. विज्ञानाचे सर, जे ग्रहणात जेवून दाखवायचे, तेही आपला फॉर्म स्वतः भरत नसत.

एकाच्या नावानं एकच अर्ज, म्हणून नावं वाढवायची. मिसेसच्या नावानं एक, मातोश्रींच्या नावानं एक, मुंजीचा मुलगा असेल तर त्याच्या नावानं, पालक म्हणून वडील. नावं जमवणं सोपं, सह्यांचं काय? 'आता मिसेसला विचारायला घरी कुठं जाऊ, तुम्हीच ठोका सर.' सर ठोकायचे. त्यांच्या खिशात निळं, काळं आणि हिरवं अशी पेनं होती. नवऱ्याची निळ्यानं केली तर बायकोची काळ्यानं. मातोश्रींची सही ते जराशी थरथरती करायचे. कलावंत माणूस. आम्ही बायका टेबलाच्या पलीकडून बघत असू आणि पोट धरून हसत असू.

इतिहासाच्या बाई मात्र नाक मुरडायच्या. त्या नववीला शिकवून आलेल्या असायच्या, की अमेरिकेतलं यादवी युद्ध पेटलं तसा मुंबईचा कापूस सोन्याच्या भावानं गेला, शेअरांचा उन्माद झाला, प्रेमचंद रायचंद त्या खेळाचा राजा, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले, 1865 मध्ये युद्ध संपलं आणि सगळं कोसळलं. हे सांगून, खडूचे हात पुसून, त्या सरांपुढे फॉर्म ठेवायच्या. त्या प्रेमचंदानं विद्यापीठाला मनोऱ्यासाठी पैसे दिले ते आईचं नाव द्यायच्या अटीवर. तोच राजाबाई टॉवर. म्हणजे बाईच्या नावाचा उपयोग करायची ही रीत जुनीच, फक्त त्याच्या आईच्या वाट्याला निदान घड्याळ तरी आलं.

1992च्या एप्रिलात सेन्सेक्स 4,467ला पोचला. सरांनी तोवर स्टाफरूमच्या भिंतीवर आलेखाचा मोठा कागद लावला होता आणि रोज रंगीत रेघ वर नेत होते. 23 एप्रिलला हर्षद मेहताचं प्रकरण छापून आलं. वर्षभरात निर्देशांक निम्म्यावर आला. कागदावर खाली जागा भरपूर होती, पण सरांनी रेघ पुढे नेली नाही. त्या कागदाची मागची बाजू स्नेहसंमेलनात कामी आली. त्यावर शिवनेरी रंगवला होता.

विषयांतर संपलं. हे सगळं आठवलं ते आमच्या शेजारच्या विंगमधल्या वहिनींमुळे.

दिवाळीआधी माळा साफ करताना त्यांना एक फाइल सापडली. आत जाड कागद, कडेला हिरवी नक्षी, खाली कंपनीचा उठावाचा शिक्का, असा की डोळे मिटून बोट फिरवलं तरी लागावा. फोलिओ नंबर, शेअरांचे क्रमांक अमुकपासून तमुकपर्यंत, 1986 साल. आणि मधोमध टाइपरायटरनं उमटवलेलं नाव, ज्यातलं एक अक्षर वर उडालेलं. नाव वहिनींचं. पहिल्यांदा त्यांना तो लग्नाचा दाखला वाटला. मग पिशवीत घालून, वर कोथिंबिरीची जुडी ठेवून, त्या माझ्याकडे आल्या.

'बाई, हे माझं आहे का?'

इतक्या वर्षांत शेअरांबद्दल मला पुष्कळ जणांनी पुष्कळ विचारलं, हे कोणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, 'तुमचंच आहे. तुमच्या एकटीचं.' मूळचे पन्नास शेअर. मग बोनसचे कागद, मग दहाच्या शेअरचे तुकडे. मी भाव बघून गुणाकार केला, पुन्हा केला, आणि आकडा सांगितला. वहिनींनी उठून आधी माझ्या घराचं दार लावून घेतलं.

त्यांच्या घरी भाऊंना, म्हणजे त्यांच्या मिस्टरांना, विचारलं तेव्हा ते पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, 'अगं, ते नावापुरतं होतं. तेव्हा सगळेच लावायचे.'

मला राग येतो तो या 'नावापुरतं'चा. ही बाई पस्तीसहून अधिक वर्षं भाजीचे पैसे मागून घेत आली आणि उरलेल्या सुट्ट्या पैशांचा हिशेब पाकिटाच्या पाठीवर लिहून देत आली. भावाच्या ऑपरेशनला पाच हजार पाठवायचे तर भाऊंचा मूड बघून विषय काढला होता. त्या सगळ्या काळात तिच्या नावानं डिव्हिडंड येत होता, जोडखात्यात जमा होत होता. तो जमा होत राहिला म्हणूनच शेअर वाचले, नाहीतर लागोपाठ सात वर्षं कोणी घेतला नाही तर शेअरच सरकारच्या निधीत जातात. घरात पोस्टमननं आणलेलं पाकीट 'कंपनीचं काहीतरी आहे' म्हणून उघडलं जायचं. कंपनीचं नव्हतं, वहिनींचं होतं. भाऊ वाईट नाहीत. भाऊ फार चांगले आहेत, सोसायटीचा हिशेब पैशापैशानं जुळवतात. चोरी त्यांनी केली नाही, फक्त सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं त्यांना वाटलंच नाही.

त्या रात्री मी ह्यांना हे तावातावानं सांगत होते. हे म्हणाले, 'तुझ्या डीमॅटचा पासवर्ड काय गं?' पासवर्ड चिरंजिवांकडे आहे. ईमेलही चिरंजिवांचाच दिलेला. लागलेले शेअर पहिल्याच दिवशी विकतो तोही तोच. म्हणजे माझ्याकडे काय, तर हातगुण.

ते असो. वहिनींच्या कागदांचं पुढे काय झालं ते सांगते. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर तसेच विकता येत नाहीत, आधी डीमॅट करावे लागतात. त्यासाठी आधी कंपनीच्या रजिस्ट्रारकडे पॅन, पत्ता, बँक, सही हे सगळं नोंदवावं लागतं. नोंदवलं. पत्र आलं: सही जुळत नाही.

वहिनी रडकुंडीला आल्या. 'माझीच सही, बाई!' भाऊंना प्रत्येक कागदाची झेरॉक्स ठेवायची सवय, म्हणून फाइलच्या तळाशी 1986च्या फॉर्मची पुसट प्रत होती. ती आम्ही खिडकीपाशी नेऊन, सासूबाईंचं पंचांगाचं भिंग लावून बघितली. वहिनी बराच वेळ बघत राहिल्या. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

'अहो, हा तर ह्यांचा एस.'

सही भाऊंनी ठोकली होती. वहिनी जन्मभर मराठीत सही करतात, आणि कागदावर होती ती इंग्रजी, वळणदार, शेवटी दोन टिंबं. तेव्हा आमच्या शाळेत ते काम सरांकडे होतं. ज्यांच्या कचेरीत चित्रकलेचे सर नव्हते त्यांना स्वतःच भागवावं लागत असणार. मी हसू आवरत होते. वहिनींनी मात्र कालनिर्णयाचं मागचं पान काढलं आणि त्या एसचा सराव सुरू केला. नवऱ्यानं बायकोची म्हणून केलेली सही बायको नवऱ्यासारखी करायला बघत होती. पाच-सहा एस झाल्यावर मी पेन काढून घेतलं. असल्या वेळी आयएसआर-2 नावाचा फॉर्म असतो. तुमची आत्ताची सही बँकेतला अधिकारी ओळखून शिक्का मारतो, आणि तीच सही पुढे धरतात. वहिनींनी बँकेत जाऊन मराठीत, पूर्ण नावानं, वरची रेघ शेवटपर्यंत ओढून सही केली. अधिकारी म्हणाला, 'एवढी मोठी कशाला, काकू?' वहिनी म्हणाल्या, 'मावेल.'

कागद जाऊन येईपर्यंत महिने गेले. दरम्यान भाऊ मला पार्कात गाठायला लागले. 'बाई, भाव बरा आहे, तिला सांगा ना विकायला.' मी माझा नेहमीचा प्रश्न विचारला. ते म्हणाले, 'लागणार असे काही नाहीत.' 'मग?' 'नाही, म्हणजे आपलं... मी विचारलं तर ती म्हणते, बघू.' आणखी एक फेरी आम्ही न बोलता मारली.

शेवटचा राहिला होता नॉमिनीचा फॉर्म. तो घेऊन वहिनी दुपारी माझ्याकडे आल्या. मी म्हटलं, नॉमिनी कोणीही चालतो: मुलगी, भाऊ, भाची. त्यांनी पेन चौकटीवर टेकवून थोडा विचार केला आणि एका चौकटीत एक अक्षर, कॅपिटलमध्ये, भाऊंचं पूर्ण नाव लिहिलं. ई काढताना जीभ दातांत धरली होती.

'ह्यांना सांगायचं नाही हं, बाई.'

'नाही सांगत.'

'नॉमिनीची सही लागते का हो यावर?'

'नाही लागत.'

'मग ठीक,' वहिनी म्हणाल्या. 'लागली असती तर मीच ठोकली असती.'